रोवणावरची अळंबी: निवडण्यापासून ताटापर्यंत

पावसाची झड लागून मध्ये एक-दोन दिवस उघडीप मिळाली की कोकणात आणि गोव्यात वारुळांच्या आसपास पांढऱ्या-करड्या छत्र्या उगवतात. ही रोवणावरची (रोवण म्हणजे वारूळ) अळंबी, शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. वाळवी वारुळात जी बुरशी जोपासते तिचंच हे फळ. वाळवीशिवाय ती वाढत नाही, म्हणून धिंगरीसारखी शेडमध्ये पिकवता येत नाही. वारूळ खणून काढलं तर पुढच्या पावसात तिथे काही मिळायचं नाही.

खात्री आधी, चूल नंतर

रोवणावरच्या मोठ्या जातींत छत्रीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो. दांडा जमिनीखाली निमुळता होत मुळासारखा खोल वारुळापर्यंत जातो. छत्रीखालचे कल्ले, म्हणजे पातळ पट्ट्या, आधी पांढरे असतात, नंतर त्यांवर फिकट गुलाबी झाक येते. नखाएवढ्या छत्र्यांची एक लहान जात शेकड्यांनी उगवते, तिला मात्र हे लांब मूळ नसतं.

दांड्याच्या बुडाशी पिशवीसारखी वाटी दिसली तर ती अळंबी टाकून द्या. जीवघेण्या अमानिटा गटाची ती मोठी खूण आहे आणि दांडा वरच्यावर मोडून आणला तर ती मातीतच राहते. म्हणून बाजारातून घेताना बुडासकटचीच घ्या. गवतावर, बागेत, शेणखताच्या जागी उगवणारी, डोक्यावर तपकिरी खवले आणि दांड्यावर सरकणारं कडं असलेली मोठी छत्रीही नको. तिने काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात.

शंका असेल तर एका उमललेल्या छत्रीचा दांडा कापा, छत्री कल्ल्यांची बाजू खाली करून अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर राहू द्या. कागदावर झडलेल्या बीजाणूंचा हिरवट ठसा आला तर ती खवल्यांची विषारी छत्री. पांढरा ठसा फक्त काळ्या कागदावर दिसतो, आणि तो दिसला तर ही रोवणावरची नव्हे. गुलाबीसर ठसा आला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका, इतर काही जातींचाही तसाच येतो. वर्षानुवर्षं त्याच रोवणावरून अळंबी काढणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय शिजवू नये.

चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण निळी होते का, किडे लागलेत का, या परीक्षा निरुपयोगी आहेत. अमानिटाचं विष उकळून, तळून किंवा वाळवूनही जात नाही.

साफसफाई

खरी मेहनत इथे आहे. अळंबी आणल्या दिवशीच शिजवावी. प्लास्टिकच्या पिशवीत तिला घाम सुटतो आणि ती चिकट होते. अगदीच थांबायचं असेल तर न धुता कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये एक रात्र, त्याहून जास्त नाही.

आधी कोरडंच काम करा. बुडाचा मातकट, चिवट भाग कापा, दांड्यावरची साल सुरीने खरवडा आणि छत्रीवरची लाल माती ओल्या फडक्याने पुसा. मग उमललेल्या छत्र्या उलट्या करून कल्ले पाहा. बारीक अळ्या असतात त्या इथेच. छत्र्या मीठ घातलेल्या गार पाण्यात पाच मिनिटं बुडवा, अळ्या बाहेर येतात. नंतर दोन पाण्यांतून झटपट काढून चाळणीत निथळवा. जास्त वेळ भिजली तर अळंबी पाणी पिते आणि कढईत भाजण्याऐवजी उकडते. काळपट, पाणथळ किंवा कुबट वासाच्या छत्र्या काढून टाका. मोठ्या छत्र्या हाताने उभ्या फाडा, बंद कळ्या अख्ख्या ठेवा, दांड्याचे बोटभर तुकडे करा.

रस्सा (चार जणांसाठी, अर्धा किलो अळंबी)

वाटण: एक मोठा कांदा उभा चिरून थोड्या तेलात तांबूस परता. त्यात अर्ध्या नारळाचा चव, सहा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं आणि एक चमचा धणे घालून खोबरं बदामी होईपर्यंत भाजा. गार करून थोड्या पाण्यात गंधासारखं वाटा. खोबरं करपलं तर नवं घ्या, ती कडवट चव अळंबीला झाकता येत नाही.

कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून एक बारीक चिरलेला कांदा मऊ करा. पाव चमचा हळद, मग दांडे घाला, ते चिवट असतात. तीन-चार मिनिटांनी छत्र्या आणि कळ्या टाका. आच मोठी, झाकण नको, पाण्याचा थेंब नको, मीठही आत्ता नको. अळंबी स्वतःच भरपूर पाणी सोडते. ते आटून तेल दिसू लागेपर्यंत परता, साधारण दहा मिनिटं. ही पायरी घाईत उरकली तर रस्सा पुळचट होतो.

आता दोन चमचे मालवणी मसाला, मिनिटभराने वाटण, दोन वाट्या गरम पाणी आणि मीठ. मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजू द्या. शेवटी तीन आमसुलं घालून दोन उकळ्या काढा. आमसूल आधी घातलं तर दांडे लवकर मऊ होत नाहीत. तिरफळ मात्र टाळा, ते अळंबीचा वास खाऊन टाकतं. सोबत तांदळाची भाकरी किंवा उकड्या तांदळाचा भात.

सुकं हवं असेल तर मसाला निम्मा, वाटणाऐवजी मूठभर ओलं खोबरं, आणि पाणी अजिबात नको.

खाताना

अळंबी कच्ची किंवा अर्धकच्ची खाऊ नये. पहिल्यांदा खाणाऱ्याने चार घासांवर थांबावं, सोबत मद्य नको. प्रत्येक खेपेतली एक-दोन अळंबी बुडासकट, न शिजवता, कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. त्रास झाल्यास ती डॉक्टरांकडे न्या. जेवणानंतर सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू झाले तर थेट मोठं रुग्णालय गाठा. मध्ये दिवसभर बरं वाटलं तरी यकृताची हानी आत चालू असू शकते.