पिस्तूल जोडताना पडणारी ती चंद्रकोर

कोतात, म्हणजे पोलिसांच्या शस्त्रागारात, पिस्तूल जमा व्हायला आलं की मी नंबर नंतर बघायचो. आधी नजर जायची ट्रिगरच्या वर, डाव्या अंगाला. तिथे काळ्या रंगावर बारीक चंद्रकोर ओढलेली दिसली की समजायचं, साहेबांनी सुट्टीच्या दिवशी घरी खोल-जोड केलेली आहे. ३३ वर्षं पोलिसात काढली, त्यातली २२ आर्मोरर म्हणून, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारा, धुळे-जळगावकडे. अशा चंद्रकोरी इतक्या पाहिल्या, की कोणत्या साहेबांना घाई जास्त तेही मी सांगू शकत असे.

इथे सांगतोय ते आपल्या ९ एमएम १ए पिस्तुलाबद्दल. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं ते, पण मूळचं घराणं बेल्जियमचं. त्याचा आराखडा अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगचा. तो १९२६ ला वारला, त्याचं अर्धवट राहिलेलं काम बेल्जियमच्या सेव्हनं पुरं केलं आणि १९३५ ला ‘हाय-पॉवर’ नावानं ते पिस्तूल बाजारात आलं. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. ब्राउनिंगच्याच १९११ मॉडेलच्या .४५ पिस्तुलावरही असाच ओरखडा पडतो आणि अमेरिकेत त्याला सरळ ‘येड्याचा ओरखडा’ म्हणतात. आपल्याकडे साहेबांना असं तोंडावर कोण म्हणणार!

पहिली गोष्ट, आणि इथे मी कोणाचं ऐकत नाही. मॅगझिन काढा, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागेत, डोळ्यानं बघा आणि करंगळी घालूनही बघा. नळीचं तोंड वाळूच्या पेटीकडे. घरी असाल तर भरलेल्या पोत्याकडे. पोरंबाळं आणि शेजारची भिंत त्या दिशेला नको. गोळ्या दुसऱ्या खोलीत.

आता बैठक. गोधडीवर बसून हे काम करू नका. धाग्यात स्प्रिंग अडकते, आणि गोधडीत आपल्या धुळ्याची धूळ कायमची मुक्कामाला असते. मी जेवणाची जुनी परात घेतो, त्यात धुतलेला टॉवेल अंथरतो. काठ असल्यामुळे काही घरंगळत नाही. पुसायला जुनं सुती धोतर, चार पाण्यात धुतलेलं. टेरिकॉटच्या पॅन्टचा तुकडा तेल पीत नाही, नुसतं पसरवतो. चिंधी एकदा जमिनीवर पडली की तिचा उपयोग संपला. ओरखड्यांपैकी निम्मे जोडणीचे नसतातच, चिंधीतल्या वाळूच्या कणाचे असतात.

साफसफाई तुम्हाला येते असं धरून चालतो. जोडणीत नळी स्लाइडमध्ये बसते, मग रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला पुढे ढकलणारी) आणि तिचा गाइड रॉड, म्हणजे स्प्रिंगमधली दांडी. रॉडचं डोकं नळीखालच्या खोबणीला नीट टेकवायचं. हे दाबून बसवताना स्प्रिंग उडते, म्हणून परातीच्या बाहेर हात न्यायचा नाही. मग स्लाइड फ्रेमच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, रुळांवर चढवायची. हॅमर मागे असू द्या आणि दोन्ही रूळ एकाच वेळी पकडले आहेत का ते बघा. एक रूळ आधी लागला की स्लाइड तिरकी जाते आणि फ्रेमचा पुढचा कोपरा सोलतो. अडलं तर ढकलायचं नाही, उतरवून पुन्हा चढवायची.

स्लाइड मागे ओढा आणि सेफ्टीचा आकडा स्लाइडच्या पुढच्या खाचेत चढवा. खाचा दोन आहेत, आपल्याला पुढची हवी. अर्धवट बसला तर स्लाइड सुटून बोट चेचतं. माझं चेचलंय.

आता उरला स्लाइड स्टॉप, म्हणजे डाव्या बाजूची ती मूठ असलेली पिन. चंद्रकोर इथेच पडते. पिनेला फ्रेमच्या भोकातून शिरून, गाइड रॉडच्या डोक्यातल्या भोकातून जाऊन उजवीकडे निघायचं असतं. रॉड केसभर जरी खाली झुकला तरी पिन आत अडते. मग माणूस काय करतो? पिन आत दाबत दाबत मूठ वर-खाली फिरवतो. मुठीची शेपटी फ्रेमला टेकलेली असते, आणि प्रत्येक फेरीला ती ट्रिगरच्या वर फ्रेमवर एक रेघ ओढते. आतमध्ये काय अडलंय हे न बघता बाहेरून जोर लावल्यानं हे सगळं होतं.

माझा पहिला ओरखडा मी असाच काढला. उस्ताद मागे उभे होते, आमच्याच अमळनेर बाजूचे. चिडले की अहिराणीवर यायचे. ‘कसाले घाई करी राहिना रे भो?’ एवढंच म्हणाले. मग त्यांनी खिशातून पऱ्हाटीची काडी काढली. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ना, तीच. साल काढून, वाळवून, पिनेपेक्षा किंचित बारीक तासलेली, एका टोकाला निमुळती. ती त्यांनी उजव्या बाजूनं भोकात घातली आणि हलकेच फिरवली. काडी रॉडच्या भोकात शिरली की रॉड आपोआप सरळ होतो. मग डावीकडून पिन घालायची. पिन पुढे येते तशी काडी मागे सरकत बाहेर पडते. लोखंडाला लोखंड घासायचा प्रश्नच नाही. बांबूची कामटी चालते, पण पऱ्हाटी जास्त मऊ. कामटीची शीर कडक असते.

काडी घालण्याआधी पिनेच्या मुठीखालच्या जागेवर कागदी टेपचे दोन थर लावा, रंगारी वापरतात तो. चकचकीत पारदर्शक टेप नको. मे महिन्यात भुसावळला ४५ अंशांत त्याचा गोंद वितळून असा चिकटतो की तो काढताना नवे ओरखडे पडतात.

मूठ ज्या कोनात शेवटी बसणार आहे, सुरुवातीपासून त्याच कोनात धरा. अंगठा शेपटीवर नाही, पिनेच्या डोक्यावर. दाब सरळ आत. रॉडच्या डोक्यात स्प्रिंगवर बसलेला एक बारीक छर्रा असतो. शेवटच्या टप्प्यात तो पिनेला थोडा विरोध करतो आणि मग ‘टक्’ होतं. हा विरोध आला की लोक घाबरून फिरवाफिरवी करतात. फिरवू नका, काडीनं भोक जुळलेलं आहे, थोडा सरळ जोर पुरे. स्क्रूड्रायव्हर, किल्ली, गोळीचं टोक, काहीही जवळ आणायचं नाही. खोलताना उजवीकडून पिन ढकलायलाही तीच काडी.

टेप काढा, स्लाइड हातानं धरून सेफ्टी उतरवा आणि स्लाइड हळू पुढे सोडा. आता ट्रिगर दाबून बघितला तर काहीच होत नाही. दर बॅचला एक तरी नवे उपनिरीक्षक इथे घामाघूम होतात. साहेब, बिघडलेलं नाही. या पिस्तुलात मॅगझिन आत असल्याशिवाय ट्रिगर चालत नाही. रिकामं मॅगझिन लावा, चेंबर पुन्हा बघा, तोंड वाळूकडे, मग तपासा.

ओरखडा पडलाच असेल तर आधी तेलाच्या चिंधीनं चोळून बघा. पुष्कळदा ती मुठीवरून उतरलेली धातूची नुसती पुसट रेघ असते, निघून जाते. नाही निघाली तर तिथे तेलाचा हात ठेवा आणि कोतात सांगा. पॉलिश पेपर मारू नका. एका साहेबांनी बूटपॉलिश लावून आणलं होतं. लांबून झकास दिसत होतं, पण वास बुटाचा येत होता आणि फ्रेमच्या फटीत मेण भरलं होतं. ते काढायला माझी अख्खी दुपार गेली.

शेवटी सगळ्या अंगावरून तेलाची चिंधी फिरवा. आपल्या उन्हात हाताचा घाम खारट, बोटांचे ठसे तसेच राहिले तर चार दिवसांत तांबूस होतात. आणि कातडी पाउचमध्ये घालून कपाटात ठेवू नका, कातडं ओल धरतं. सुती कापडात गुंडाळा. काडी परातीत विसरू नका, घरातले चूल पेटवायला घेतात.