नेपाळला जाताना आधारवर विसंबू नका

पशुपतिनाथाला भारतीयांना व्हिसा लागत नाही, म्हणून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरातून आमच्या मावशी आणि त्यांच्या जाऊबाई नुसतं आधार कार्ड पर्समध्ये टाकून निघाल्या. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दिल्लीपर्यंत ते चाललं, कारण तो देशातला प्रवास. अडलं काठमांडूच्या विमानाच्या काउंटरवर. मावशी ६८ वर्षांच्या, त्यांचं आधार चाललं. जाऊबाई ६१ च्या, त्यांचं नाही!

नियम असा: १५ ते ६५ वयाच्या भारतीयाला विमानाने नेपाळला जायला चालू मुदतीचा पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते १५ च्या आतल्यांना आणि ६५ च्या वरच्यांना. मूळ कार्डच घ्या, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो नको.

आपल्याकडे आणखी एक भानगड. मतदार कार्डावर नाव कन्नड आणि इंग्रजीत असतं, आणि मराठी आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग कार्डागणिक वेगळं. ‘पाटील’ कुठे एका ‘आय’ने, कुठे डबल ‘ई’ने. म्हणून तिकीट काढताना जे कार्ड दाखवणार, तेच एजंटसमोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. दुरुस्ती करायची तर महिनाभर आधीच अर्ज टाका.