टीबीच्या पेशंटच्या डोक्यातले विचार वहीत कसे तपासायचे

साध्या टीबीचा कोर्स 6 महिन्यांचा, पण खूप जणांना त्यात खोकल्यापेक्षा विचारच जास्त छळतात, "माझ्यामुळे घर बरबाद झालं", "आता माझ्याशी लग्न कोण करणार". अशा माणसाला प्लीज "पॉझिटिव्ह राहा" म्हणू नका, तो फक्त बोलायचा बंद होतो.

अ‍ॅरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 1960 च्या दशकात जी थेरपी आणली, जिला आज सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) म्हणतात, तिच्यात विचार दाबत नाहीत, तपासतात. साधी शंभर पानी वही घ्या. काय घडलं, डोक्यात नेमकं कुठलं वाक्य आलं, आणि 0 ते 100 मध्ये किती वाईट वाटलं, एवढं त्याच दिवशी लिहायचं. समजा कोथरूडच्या सोसायटीत शेजारच्या काकू आपल्याला बघून लिफ्टमध्ये शिरल्याच नाहीत, डोक्यात आलं "सगळ्या बिल्डिंगला कळलंय, सगळे टाळतात", वाईट वाटलं 90. आता त्या "सगळे" मध्ये कोण कोण ते नावानिशी लिहा, बहुतेक वेळा यादी दोन नावांवर अडते. काकूंना कळलंय हे कशावरून, तेही लिहा. मग नवीन वाक्य, जे गोड नको, खरं हवं: "काकू का थांबल्या माहीत नाही, घाबरल्याही असतील, पण वरच्या मजल्यावरचे काका कालच गप्पा मारून गेले." 90 चे 60 झाले तरी खूप झालं.

आणि काकू खरंच टाळत असतील तर? तर तो विचार चुकीचा नाहीये, पेशंटला उगाच खोटं पाडू नका, तिथे काकूंशी कोण आणि काय बोलणार ते ठरवायचं.

"माझं ताट वेगळं ठेवा" हे तर घरोघरी ऐकू येतं. फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही, आणि औषध लागू पडलं की संसर्गाचा धोका काही आठवड्यांत बराच कमी होतो. डॉक्टरांनी हो म्हटलं की आठवडाभर सगळ्यांबरोबर जेवायला बसा, आधी भीती किती होती आणि नंतर किती राहिली ते आकड्यात लिहा.

एक मात्र नीट लक्षात ठेवा, रेझिस्टंट टीबीत (नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत) देतात त्या सायक्लोसेरीन या औषधाने उदासी, भास, संशय येऊ शकतो, साध्या टीबीच्या आयसोनियाझिड या औषधानेही क्वचित होतं. अचानक माणूस बदलल्यासारखा वाटला तर वही बाजूला ठेवा, गोळ्या मनाने बंद करू नका, त्याच दिवशी औषध देणाऱ्या डॉक्टरांना गाठा. पुण्यात ससून हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे. जीव द्यायचे विचार येत असतील तर माणसाला एकटं सोडू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, 24 तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.