१६ खान्यांतला केरवा: ऑक्टोपॅड आणि ड्रम मशीनकडे वळणाऱ्यांसाठी

ऑक्टोपॅडच्या, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याच्या, ८ पॅडवर हात बसलाय, क्लिकबरोबर (कानात वाजणाऱ्या टिकटिकीबरोबर) लय सुटत नाही, ड्रम मशीनच्या १६ खान्यांत (स्टेप्समध्ये) पॅटर्न कसा भरतात हेही ठाऊक आहे, असं धरून लिहितोय. पुण्यात या कामाला तोटा नाही. बालगंधर्वला जुन्या गाण्यांचे कार्यक्रम, गणपतीत मंडळांचे मांडव, नवरात्रात दांडिया, लग्नातलं संगीत. कुणी ना कुणी फोन करतंच. पण 'मशीनमध्ये सगळं असतं' या भरवशावर गेलात तर पहिल्याच तालमीत तोंडघशी पडाल. आवाज ढीगभर असतात हो, ठेका आपल्यालाच भरावा लागतो.

मी ज्या खड्ड्यात बरेच महिने होतो तो आधी सांगतो, आणि सावकाश सांगतो, कारण तो दिसत नाही. केरवा हा ताल घ्या. धा गे ना ती, ना क धी ना. मात्रा ८, खाने १६, म्हणजे मात्रेला दोन खाने. हिशेब इतका सरळ बसतो की वाटतं, झालंच काम. मग आपण मशीनमधला तयार फोर-फोर उचलतो आणि त्यावर तबल्याचे आवाज चढवतो. अशा पॅटर्नमध्ये किक (पायाने वाजवायचा जड ड्रम) बहुधा १ल्या आणि ९व्या खान्यावर असते, स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) ५व्या आणि १३व्या. आता ९वा खाना म्हणजे कितवी मात्रा? पाचवी. केरव्याची खाली, म्हणजे तालातली हलकी, रिकामी जागा! जिथे डग्ग्याने (तबल्याच्या जोडीतल्या जड आवाजाच्या वाद्याने) गप्प बसायचं, नेमका तिथेच आपण सगळ्यात जड आवाज ठोकला. याहून वाईट तऱ्हा म्हणजे पहिले ८ खाने छान जमले म्हणून कॉपीचं बटण दाबून तेच पुढच्या ८ खान्यांत चिकटवणं. आवर्तनाचे, म्हणजे तालाच्या पूर्ण फेरीचे, दोन सारखे तुकडे होतात आणि ८ मात्रांचा ताल ४ मात्रांचा होऊन बसतो.

समोरच्या प्रेक्षकांना यातलं काही कळत नाही. गाणाऱ्याला लगेच कळतं. आमच्या ग्रुपमधल्या ताई मुखड्यावर यायच्या आणि हात वर करून थांबायच्या. "अरे, तुझी सम कुठली? मला दोन-दोन ऐकू येतायत." सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. मी टेम्पो बघायचो, मॉनिटर वाढवायचो, केबल बदलायचो. खाने बघायचं सुचतच नाही हो अशा वेळी.

तर हे असं भरा: डग्ग्याचा घुमणारा आवाज १, ३ आणि १३ या खान्यांवर, म्हणजे धा, गे आणि धी. ९व्यावर नुसती चाट, म्हणजे तबल्याच्या काठावरचा ना. ११व्यावर क, बंद डग्गा, तोही हळू. मधल्या रिकाम्या जागा भरायला हात शिवशिवतील. खाली खालीसारखी ऐकू येईपर्यंत त्यांना हात लावू नका.

आता झोल, म्हणजे ठेक्याची डुलती चाल. स्विंगचं बटण फिरवलं तरी केरवा जागचा हलत नाही, आणि माणूस मशीनला शिव्या घालतो. साध्या १६ खान्यांच्या मांडणीत स्विंग २रा, ४था, ६वा असे खाने मागे सरकवतो, आणि आपले सगळे बोल बसलेत १, ३, ५, ७ वर. हलणार काय? मात्रेला एकच खाना द्या, पॅटर्न ८ खान्यांचा करा, टेम्पो निम्म्यावर आणा, मग फरक ऐका. जिथे स्विंग टक्क्यांत दिसतो तिथे ५० म्हणजे सरळ आणि ६६ म्हणजे जवळजवळ तिस्र अंग (तीन-तीनच्या भागांची चाल). केरव्याचा झोल या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, दर गाण्याला वेगळा. आकडा मला विचारू नका, गाणं म्हणत म्हणत बटण फिरवा.

रूपक तालात उलटाच प्रकार. ७ मात्रांचे १४ खाने, शेवटचा खाना १४ वर बांधायचा, हे सगळ्यांना जमतं. पण रूपकाची समच खाली असते, आणि सवयीने आपण पहिल्या खान्यावर अ‍ॅक्सेंट देतो. तो काढा. वजन ४थ्या आणि ६व्या मात्रेला, म्हणजे ७व्या आणि ११व्या खान्यावर.

आणि मशीन कुणासाठी थांबत नाही. भावगीतात गाणारा एखाद्या शब्दावर रेंगाळतो, तबलजी त्याच्या तोंडाकडे बघून ठेका सैल सोडतो. मशीनला डोळे कुठे? बहुतेक मशीन थांबवून पुन्हा सुरू केलं की पॅटर्न पहिल्या खान्यापासून वाजतो, म्हणून स्टार्ट-स्टॉपचा फूटस्विच घ्या आणि समेवर पाय टाका. गझलेला मात्र हेही पुरत नाही. तिथे तबलजी बोलवा आणि आपण शेकर वाजवा. त्यात कसलाही कमीपणा नाही.

लावणीचंही तेच. ढोलकीच्या धुमेवर (जड आवाजाच्या बाजूवर) बोटं दाबून जी मींड, म्हणजे घसरता सूर, निघते, ती एका सॅम्पलमध्ये मावत नाही. ढोल-ताशाच्या बाबतीत तर लोक हमखास फसतात: एकच सॅम्पल दहा वेळा एकावर एक रचतात आणि पथक का वाटत नाही म्हणून डोकं धरतात. लक्ष्मी रस्त्यावर ४० ढोल अगदी एकाच क्षणी पडत नाहीत, किंचित मागेपुढे पडतात, म्हणून तो आवाज एवढा रुंद. चार-पाच वेगवेगळे टोल रेकॉर्ड करा, थोडे विस्कटून ठेवा.

मग मशीनचं स्वतःचं घर कुठलं? जिथे ते खऱ्या वाद्याची नक्कल करत नाही तिथे. रोलंड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० मध्ये आलं. त्याच वर्षी आलेल्या रॉजर लिन यांच्या एलएम-१ मध्ये खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज होते. ८०८चे आवाज सर्किटमधून बनायचे आणि ड्रमसारखे वाटायचेच नाहीत. काही वर्षांतच ते बंदही झालं. पुढे हिप-हॉपवाल्यांनी त्याच किकला डोक्यावर घेतलं. आपल्याकडे मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ८०८च्या डिस्को ठेक्यावर राग वाजवले. ऐका आणि बघा, तिथे तबल्याची आठवणसुद्धा येत नाही. डिस्को, रॅप, दांडियाचे रिमिक्स यांत बिनधास्त घुसा.

टेलिग्रामवर फिरणारे फुकट 'मराठी लूप्स' माझ्या मते विष आहे. टेम्पो ठरलेला, खाली पुसलेली, आणि निम्म्या शहराकडे तेच. मशीन बघून कानावर हात ठेवणारे गुरुजीही मला पटत नाहीत, पण ठेका तोंडाने म्हणायला शिकवतील ते तेच. थोडे दिवस त्यांचं ऐकून घ्या, ऑक्टोपॅडचा विषय काढू नका. पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, आली की पुढचं आठवड्यांत जमतं, खरंच. तबल्यावर हात तयार असायलाच हवा असं नाही.

खरेदीचं एकच सांगतो. रोलंडच्या बऱ्याच पॅडना पिनेच्या आतून निगेटिव्ह, बाहेरून पॉझिटिव्ह असा अ‍ॅडॉप्टर लागतो. तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, नुसता 'नऊ व्होल्टचा द्या' म्हणालात तर उलटा हातात पडू शकतो. मशीनच्या पाठीवरच्या चिन्हाचा फोटो काढून न्या आणि दुकानदाराला मीटर लावून दाखवायला सांगा.