गोल लेबलाचा मध्य चुकू नये म्हणून

"ह्यां एका बाजूक सरकलां मा गो?" कोकम आगळाच्या बाटलीवर बोट ठेवून वेंगुर्ल्याच्या काकूंनी विचारलं. मी आधी नाहीच म्हटलं, मग पट्टी लावली. लेबलावर छापलेल्या रिंगणापासून कापलेल्या कडेपर्यंत डावीकडे सव्वा मिलिमीटरही नव्हतं, उजवीकडे दोनाच्या वर. रिंगण सरकलं होतं अर्धाच मिलिमीटर, पण एका बाजूला वाढलं की दुसऱ्या बाजूला तेवढंच घटतं, आणि नजरेला सरळ दुप्पट फरक दिसतो. दोनशे लेबलं पदरच्या पैशाने पुन्हा छापली.

सावंतवाडीत गंजिफाच्या गोल पानांवर हाताने नक्षी रंगवणारे कारागीर आहेत. त्यांचा हात माझ्याकडे नाही, म्हणून मी माउसने अंदाजे काही ओढत नाही. आकडे टाइप करते.

लेबलं काढायला मी वापरते गिंप हे चित्रांचं सॉफ्टवेअर, २.१० आवृत्ती. फुकट आहे. त्यात वर्तुळ काढायचं वेगळं टूल नाही. आधी सिलेक्शन करायचं, म्हणजे हवा तेवढा भाग निवडायचा, मग त्यात रंग भरायचा. सुरुवातीला हे वैतागवाणं वाटतं, पण मोजून काम करणाऱ्याला सोयीचं पडतं.

लेबल २ इंचांचं. ३०० रिझोल्यूशनला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, ते ६०० पिक्सेल होतं, म्हणून नवी फाइल ६०० बाय ६००. आकडा समच हवा. ६०१ घेतलात तर मध्य एका पिक्सेलच्या पोटात जातो आणि पुढे सगळं अर्ध्या पिक्सेलने चुकत राहतं. मग इमेज मेनूत गाइड्स (नुसत्या मदतीच्या रेघा), तिथे न्यू गाइड बाय पर्सेंट: एक आडवी ५०, एक उभी ५०. दोन्ही जिथे छेदतात तो ३००, ३०० हा बिंदू. इथून पुढे सगळं त्याच्याभोवती. (चौकोनी लेबल असेल तर २० पिक्सेलची ग्रिड लावून स्नॅप टू ग्रिड चालू करा, ठिपक्यांची रांगोळी काढलेल्या बाईला यापुढे काही सांगावं लागत नाही.)

आता रिंगण. ई दाबून इलिप्स सिलेक्ट घ्या, कुठेही एक गोल ओढा आणि टूल ऑप्शन्समध्ये पोझिशन २०, २०, साइज ५६०, ५६० लिहा. नव्या लेयरवर, म्हणजे चित्रावरच्या वेगळ्या थरावर, रंग भरा. मग पोझिशन ३०, ३०, साइज ५४०, ५४० करून डिलीट दाबा. लेयर पारदर्शक असेल तर १० पिक्सेलची रिंग उरते. सिलेक्शनच्या कडेने रेघ काढणारं स्ट्रोक सिलेक्शन वापरू नका असं नाही, पण त्यातली रेघ कडेच्या अर्धी आत आणि अर्धी बाहेर पडते. आमची पहिली चूक तीच होती की दुसरी, आता आठवत नाही.

मधल्या फुलाची गंमत मला फार आवडते. दोन वर्तुळं एकमेकांवर चढली की मधला भाग पाकळीसारखा निघतो. ५, १२, १३ हा शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा. वर्तुळाची त्रिज्या १३० आणि त्याचा मध्य उभ्या गाइडपासून १२० दूर ठेवला की पाकळीची अर्धी उंची बरोबर ५० येते. शिवाय टोकाशी पाकळीचा कोन साधारण ४५ अंशांचा होतो, म्हणून आठ पाकळ्या एकमेकींना नुसत्या टेकतात.

पहिलं वर्तुळ: पोझिशन ५०, १२०, साइज २६०, २६०. मग मोड इंटरसेक्ट (दोन्हींचा सामाईक भागच ठेवणारा) करून दुसरं ओढा आणि त्याला २९०, १२० द्या, साइज तीच. एंटर. नव्या पूर्ण आकाराच्या लेयरवर रंग भरा. पाकळीचं टोक नेमकं मध्यावर उतरतं. मग सिलेक्शन काढून टाका, नाहीतर पुढे लेयरऐवजी तेवढाच तुकडा फिरतो.

लेयरची कॉपी करून रोटेट टूलने ४५ अंश फिरवा, पण आधी क्लिपिंगमध्ये 'क्लिप' निवडा. नाहीतर लेयर फिरताना मोठी होते आणि तिचा मध्य सरकू शकतो. ४५ अंशांचं फिरवणं एकदाच करा, दर वेळी कडा थोड्या धूसर होतात. बाकीच्या सहा पाकळ्या या दोघींच्या कॉपी करून लेयर मेनूतल्या ट्रान्सफॉर्ममधून ९०, १८० आणि उलट्या बाजूने ९० फिरवा. त्यात एकही पिक्सेल बिघडत नाही.

मध्येच एक्ससीएफ या गिंपच्या स्वतःच्या फाइल प्रकारात सेव्ह करत जा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही.

स्टिकर कागदावर छापण्याआधी साध्या कागदावर एक प्रत काढा. प्रिंटरच्या खिडकीत 'फिट टू पेज' बंद, स्केल १००. गोल कापा, मधोमध दुमडा, उजेडाकडे धरा. दोन्ही अर्ध्यांतली रिंगणं एकावर एक बसली नाहीत तर आधी कात्री तपासा, मग फाइल. माझ्याकडे तीनदा कात्रीच निघाली.