पीस स्टडीजमधे करिअर करायचंय? मग न झालेली दंगल शोधा

पीस स्टडीज म्हणजे संघर्ष का पेटतो आणि शांतता कशी टिकते याचा अभ्यास. या फील्डमधे यायचं म्हणणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, डिग्री कुठून करू. ते नंतर बघू हो, आधी अभ्यासाची केस ठरवा, आणि शक्यतो अशी की पेटायला सगळं तयार होतं तरी पेटलं नाही. झालेल्या दंगलीवर ढीगभर लोक लिहितात.

आपली भिवंडीच घ्या. १९७० आणि १९८४ ला तिथे भयंकर दंगली झाल्या पण १९९२-९३ ला शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या, दोन्ही समाजाची माणसं आणि पोलीस एकत्र बसायचे. पण कमिट्यांमुळेच शांत राहिली हे सिद्ध कसं करणार? कदाचित कापडाचे लूम बंद पडणं कुणालाच परवडत नसेल. इथून तुमचा रिसर्च सुरू.

मग जोडी लावा. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी उत्तर प्रदेशातल्या अलीगढसमोर केरळमधलं कोझिकोड ठेवलं, मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखं पण एकीकडे दंगली, दुसरीकडे शांतता. तसं भिवंडीसमोर कुठलं शहर ठेवाल ते बघा.

डेटासाठी स्वीडनच्या उप्साला युनिव्हर्सिटीचा डेटाबेस फुकट आहे, पण त्यात सशस्त्र संघर्ष धरायला वर्षाला किमान २५ मृत्यू लागतात (म्हणजे २४ ला शांतता म्हणायची का, असो) आणि गावातल्या दंगलीला तो पुरत नाही. तिथे जुने पेपर आणि दंगलींची चौकशी करणाऱ्या आयोगांचे रिपोर्ट वाचा, १९७० साठी मादन आयोग, मुंबईसाठी श्रीकृष्ण आयोग.

इंटरव्ह्यूला गेलात की "दंगल का नाही झाली" असं विचारूच नका, लोक लगेच आम्ही सगळे भाऊ भाऊ सुरू करतात. त्या रात्री कुणाच्या घरी गेलात, दुकान कधी उघडलंत असं विचारा. आणि वहीत खरी नावं नकोत, कोड टाका, वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

आता डिग्री. दिल्लीत जामिया मिलिया विद्यापीठाचं नेल्सन मंडेला सेंटर आहे, देशाबाहेर उप्साला आणि इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड. रोटरीची पीस फेलोशिप चांगली आहे पण कामाचा अनुभव मागतात, त्यामुळे आधी एखाद्या संस्थेत काम करा. पर्मनंट पोस्ट कमी, सुरुवातीला प्रोजेक्ट टू प्रोजेक्टच चालतं, म्हणून स्टॅटिस्टिक्स किंवा मॅपिंग असं काहीतरी हातात ठेवा. भिवंडीच करणार असाल तर मात्र आधी उर्दू वाचायला शिका, सॉफ्टवेअर नंतर.