पहिला मासा आणण्यापूर्वीचा महिना

काचेची नवी टाकी घरी येते, त्याच संध्याकाळी तिच्यात नळाचे पाणी भरून आठ-दहा मासे सोडले जातात आणि पंधरा दिवसांत त्यांतले निम्मे दगावतात. दोष दुकानदाराला दिला जातो. पण बहुतेक वेळा हे मासे स्वतःच्याच उत्सर्जनातील अमोनियाने मेलेले असतात. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत पाण्यात उतरत असतो. नदीत तो वाहून जातो किंवा जिवाणू त्याचे रूपांतर करतात. नव्या टाकीत मात्र यांपैकी काहीच घडत नाही.

जुन्या टाकीत जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राईट करतो आणि दुसरा नायट्राईटचे नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ अत्यल्प प्रमाणातही घातक असतात, तर नायट्रेट पाणी बदलून आटोक्यात ठेवता येते. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, रेतीवर, दगडांवर थर धरून राहतात आणि अतिशय सावकाश वाढतात. त्यामुळे टाकी मांडल्यापासून पहिला मासा येईपर्यंत चार ते सहा आठवडे जाऊ द्यावेत, असा माझा आग्रह आहे.

टाकी निदान 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 30 उंच असावी. तिच्यात सुमारे 50 लिटर पाणी मावते, म्हणजे रेती-काचेसह वजन सहज साठ किलोंच्या वर जाते, तेव्हा खालचे टेबल भक्कम आणि सपाट हवे. गोल काचेचे भांडे कोणत्याच माशासाठी घेऊ नये. टाकी उन्हाच्या खिडकीपासून दूर ठेवावी, कारण उन्हाने शेवाळ माजते आणि उन्हाळ्यात पाणी तापते. एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर नवशिक्यासाठी पुरेसा असतो.

नगरपालिकेच्या पाण्यातील क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारते. दुकानात मिळणारे क्लोरीननाशक, बहुधा सोडियम थायोसल्फेट, पाकिटावरील मात्रेनुसार घालावे. टाकी भरून फिल्टर सुरू केल्यावर रोज चिमूटभर माशांचे खाद्य पाण्यात टाकावे. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळते. कोणा परिचिताच्या निरोगी टाकीतील वापरातला स्पंज मिळाला, तर महिन्याचे काम बरेच लवकर होते. थेंबांच्या तपासणी संचाने दर दोन-तीन दिवसांनी पाणी तपासावे. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरत असताना नायट्राईट चढतो. शेवटी खाद्य चालू असूनही दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसू लागते. पाणी नितळ दिसते यावरून मात्र काहीच ठरवू नये, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

बोअरवेलचे पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचे असते. गप्पी, मोली आणि प्लॅटी या माशांना ते मानवते, म्हणून सुरुवात त्यांनीच करावी. अशा पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचा आकडा) सहसा सातच्या वर असतो आणि त्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो, हे मात्र ध्यानात असावे. प्रथम तीन-चारच मासे आणावेत आणि पुढची भर दोन-तीन आठवड्यांनी घालावी. ‘काच साफ करतो’ म्हणून दिला जाणारा सकर मासा फूटभर किंवा त्याहून मोठा होतो. तो या टाकीत नको, आणि वाढला म्हणून तलावात किंवा नदीत तर मुळीच सोडू नये.

मासा ज्या पिशवीतून आणला ती वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून, तिच्यात थोडे थोडे टाकीचे पाणी मिसळून, मग जाळीने मासा आत सोडावा. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी बदलावे. स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा, अन्यथा महिनाभर जोपासलेले जिवाणू मरतात.

मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तर औषध शोधण्याआधी निम्मे पाणी बदलावे आणि हवा वाढवावी. जिथे वीज तासन्‌तास जाते, तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवावा. तोही नसेल, तर दर काही मिनिटांनी तांब्याने पाणी वर घेऊन उंचावरून परत ओतत राहावे, आणि वीज येईपर्यंत खाद्य देऊ नये.